ओघळ

खंडूशेठची नक्कल करायला सोपी. पानाचा तोबरा डाव्या गालात सरकवल्यासारखं करायचं, हनुवटी छताकडे धरायची म्हणजे थुंकी गळत नाही, आणि वाक्य कुठलंही असो, त्याच्या शेपटीला "काय समजलं?" बांधून सोडायचं. "नवरीबाई, मान खाली, काय समजलं?" "पोरगं हललं तर मी जबाबदार नाही, काय समजलं?" रविवार कारंजाजवळच्या त्यांच्या फोटो स्टुडिओतून निम्म्या नाशकाच्या नवऱ्या, बारशाची पोरं आणि वारलेली म्हातारी माणसं भिंतीवर चढली. पण शेठना उलट "समजलं" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. ते उत्तराला थांबतच नसत.

त्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत, उतरत्या टेबलाशी जयराम बसायचा. वडाळा नाक्याला आमच्या चाळीत शेजारची खोली त्याची. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे त्याच्या घरातलं शिंकणंसुद्धा आम्हाला पाठ. गडी निफाडकडचा. मिसरूड फुटायच्या आधी शहरात आला, तरी "लय" आणि "नाय" काही सुटलं नाही. तोंडभर देवीचे वण. लहानपणी देवी आल्या तेव्हा डाव्या डोळ्यात फूल पडलं, तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. उजवा मात्र असा की समोरच्या गच्चीवरच्या दोरीवर कुणाच्या लुगड्याला कुठं ठिगळ आहे ते सांगावं.

"देवीनं एक घेतला, एक ठिवला," तो म्हणायचा. "ठिवला त्याच्यावर संसार चाललाय."

काम होतं टचिंगचं. फोटो कागदावर आला की त्यावर पांढरे ठिपके असतात, निगेटिव्हवर धूळ बसलेली असते तिचे. केस पडला असेल तर पांढरी रेघ. निगेटिव्ह धुऊन वाळत घालताना पाण्याचा थेंब खाली घसरला तर त्याचा पांढरट पट्टा उठतो, त्याला स्टुडिओत म्हणतात ओघळ. हे सगळं जयरामनं बारीक ब्रशानं भरायचं. ब्रश ओठात धरून टोक काढायचं, बशीतल्या काळ्या रंगात डिंकाचा थेंब घालायचा, म्हणजे भरलेली जागा मूळ फोटोसारखी चमकते, आणि मग ठिपक्याला ठिपका. एवढ्यावर भागत नसे. गालावरचे वण, ओठावरचा चट्टा, डोळ्याखालचं काळं, सगळं त्याच्या टेबलावर बरं व्हायचं. स्वतःच्या तोंडावर जेवढे खड्डे होते तेवढे त्यानं लोकांचे बुजवले.

आणि शेठचा कायदा होता. गिऱ्हाईक बजावायचं, "फोटो जसाच्या तसा पाहिजे हां." शेठ मान डोलवायचे आणि मागच्या खोलीत येऊन सांगायचे, "जसाच्या तसा म्हणतोय म्हणजे जरा बरा करून दे. खरंच जसाच्या तसा दिला तर उद्या तोंडावर फेकून मारेल, काय समजलं?"

जयरामची बायको लताबाई घोटीकडची. बोलायची कमी, पण बोलली की वाक्य कापून ठेवल्यासारखं. लग्नसराईत काम अंगावर यायचं तेव्हा जयराम प्रिंटांची पाकिटं घरी आणायचा. बघून बघून तिचाही हात बसला. तो शिकवायचा ते पत्र्यातून ऐकू यायचं.

"काळ्यात पांढरं दिसलं की भरायचं. इचार नाय करायचा."

"आन पांढऱ्यात काळं?"

"ते माझ्याकडं द्यायचं."

शेजारच्या झुंबरबाईंना हे फार खुपायचं. त्यांचा आवाज पितळी घागर नळाखाली ठेवल्यासारखा. "लताबाई, लोकांच्या बायकांचे डाग काढताय व्हय? जरा मालकाच्या तोंडावरून पन फिरवा की ब्रश!"

"त्यांचं तोंड मला पाठ हाय," लताबाई म्हणाली. "भरलं तर वळखायची न्हाई."

एक्क्याऐंशी साली शेठच्या डोक्यात कलर शिरला. पुण्याहून कुणी तरी सांगून गेलं की आता काळं-पांढरं दोन वर्षांचं पाहुणं. मागची खोली रिकामी करायची ठरलं. तिथं शेठच्या वडलांपासूनच्या काचेच्या निगेटिव्ह रचून ठेवल्या होत्या. शेठ म्हणाले, सोड्याच्या गरम पाण्यात टाका, चेहरे खरवडून काढा आणि साफ काच फ्रेमवाल्याला द्या. जयराम सकाळपासून चेहरे खरवडत होता. त्यातले कितीतरी त्यानंच कधी काळी नीट केलेले. एक थंडगार काच त्यानं कढत पाण्यात सोडली आणि वाकून बघितलं, ही कोण म्हणून. काच तडकली. तिचा कपचा उडाला तो नेमका उजव्या डोळ्यात.

धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला नेलं. तिथले मोठे सर मुंबईचे, महिन्यातून दोनदा येऊन ऑपरेशनं करून जायचे. त्या दिवशी ते होते, हे सगळ्या चाळीनं नशीब म्हणून सांगितलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा आडवा फाटला होता. सरांनी तो केसाहून बारीक दोऱ्यानं शिवला, गाडीची वेळ बघितली आणि गेले. मागे राहिले डॉक्टर खैरनार.

खैरनार सटाण्याकडचे, नवखे, हाडकुळे. मराठी असं बोलायचे की शाळेत बाई शुद्धलेखन सांगतायत. "आपण आता हनुवटी इथे टेकवावी. कपाळ पट्टीला लावावे. माझ्या उजव्या कानाकडे पाहावे." पण जरा गडबड झाली की अहिराणी बाहेर. एकदा नर्सच्या हातून बाटली पडली तर हे ओरडले, "अवं माय, काय करी ऱ्हायनी!" आणि लगेच, "काही हरकत नाही."

त्यांना फोटोचा नाद होता. डोळे तपासायच्या दिव्याला त्यांनी स्वतःचा कॅमेरा बांधून घेतला होता. सर महिन्यातून दोनदा येणार, पेशंटचा डोळा रोज बदलणार, म्हणून खैरनार डोळ्याचा फोटो काढून मुंबईला टपालानं पाठवायचे. सर फोटो बघून ट्रंक कॉलवर हुकूम द्यायचे.

पहिल्यांदा फोटो काढायला बसवलं तेव्हा जयरामनं विचारलं, "हसू का साहेब?"

"कशाला?"

"फोटो हाय ना."

खैरनार हसले आणि मग त्यांनी नीट समजावलं. डोळ्याच्या पुढे काच असते असं समजा. ती फुटली, ती आपण शिवली.

"काचंनंच काच फुटली म्हना की."

"तसे म्हणा. आता शिवण भरली की नाही हे कसे कळणार? मी डोळ्यात पिवळे औषध घालतो आणि निळा उजेड टाकतो. जखम मिटली असेल तर काही दिसत नाही. मिटली नसेल तर आतले पाणी झिरपते, आणि उजेडात ते लख्ख चमकते. फोटोत ते पांढरे येईल. तेवढे पाहायचे."

जयरामला हे फार आवडलं. दवाखान्यातून आला आणि पट्टी बांधलेल्या डोळ्यानं ओट्यावर बसून चाळीला ऐकवू लागला. "फोटोवरून ठरनार हाय. फोटो चांगला आला की टाके काढनार, पट्टी सुटनार. देवाच्या हातात असतं तर भ्या वाटलं असतं. फोटोच्या हातात हाय म्हंजे आपल्याच धंद्यात हाय!" डॉक्टरांना रोल कुठं धुवायला द्यायचा तेही त्यानंच सांगून ठेवलं होतं. "आमच्या शेठकडं द्या साहेब. डेव्हलपिंग झकास."

पहिला फोटो खैरनारांचा कंपाउंडर दुकानात ठाण मांडून ओलाच घेऊन गेला. त्यात जखम झिरपत होती, पण ताजीच तर होती. सर फोनवर म्हणाले, "नॅचरल आहे. वेट करा." औषधं, पट्टी, झोपताना डोळ्यावर पत्र्याची वाटी.

इकडे लग्नसराई तोंडावर आली. टचिंगच्या टेबलावर कुणी नाही. खंडूशेठ चाळीत आले, दारातच उभे राहिले. आत जायचं तर चपला काढाव्या लागतात.

"जयराम, बरा हो तू. घाई नाही. पण टेबल रिकामं ठेवता येत नाही, काय समजलं?"

जयराम काही बोलायच्या आत लताबाई म्हणाली, "पाकिटं घरी पाठवा. काम व्हईल."

शेठनी छताकडे बघितलं. "कोण करणार?"

"यांचंच काम हाय. यांच्याच नावावर जाईल."

"मला काम आल्याशी मतलब," शेठ म्हणाले. "डाग राहिला, ओघळ राहिला, की पाकीट परत. काय समजलं?"

तेव्हापासून लताबाई सकाळी खिडकीशी बसायची. जयराम भिंतीला टेकून, पट्टीखाली, ऐकत. ब्रश ओठात घेतल्याचा आवाजसुद्धा त्याला कळायचा. "रंग पातळ झाला बघ. दोनदा बुडवलास." झुंबरबाई दारावरून जाताना म्हणायच्या, "आता काय, आंधळा सांगतोय आन मुकी करतीय." त्यावर आतून जयराम खदखदून हसायचा. तेव्हा तो अजून हसायचा. टेबल राखून ठेवायचं होतं, पट्टी सुटेपर्यंत. उजवा डोळा आला की पुन्हा खोली, टेबल, ब्रश. दुसरं काम त्याला येत नव्हतं आणि दुसरा डोळा नव्हता. हे चाळीत लहान पोरालाही माहीत होतं.

वैशाखात खैरनारांनी दुसरा फोटो काढला. त्या दिवशी दिव्यातून बघताना त्यांनी दिवा दोनदा मागे-पुढे केला, असं लताबाईनं सांगितलं. एका टोकाच्या टाक्यापाशी त्यांना काही तरी वाटलं. "सर फोटो पाहतील. मग ठरवू." कंपाउंडर रजेवर, म्हणून रोल चपराशाकरवी स्टुडिओत गेला. बरोबर खैरनारांचा निरोप: फोटोला काहीही करू नका, जसाच्या तसा द्या.

जसाच्या तसा.

शेठनी मान डोलवली असणार. मुंबईला एक, दवाखान्यात एक असे दोन प्रिंट झाले आणि लग्नाच्या दोनशे चेहऱ्यांबरोबर त्याच पाकिटात पडले. पाकीट चाळीत आलं.

लताबाईनं तो फोटो ओळखला. ओळखणारच. खालच्या पापणीवर देवीचा एक खड्डा होता, त्याच्या बाजूला तीळ. मोठ्ठा केलेला डोळा, काळाभोर, ताटाएवढा. मध्ये टाक्यांच्या बारीक रेघा सारख्या अंतरावर. त्या तिनं ओळखल्या, डॉक्टरांनी टाके हौसेनं मोजून दाखवले होते. टाक्यांना तिनं हात लावला नाही. पण शेवटच्या टाक्यापासून खाली एक पांढरट पट्टा गेला होता. वर टोकदार, खाली पसरट. पाण्याचा थेंब घसरल्यावर येतो तसा. तसा म्हणजे अगदी तसाच.

त्या सकाळी पत्र्यापलीकडून एवढंच ऐकू आलं.

"तुमचा फोटो आलाय पाकिटात."

"माझा? कसा आलाय?" जयराम टेकलेला उठून बसला असणार, आवाज उंच झाला.

"चांगला हाय. ओघळ हाय जरासा."

"ओघळ? शेठ बी ना. घाईत वाळवलं आसंल. काढ मंग. डॉक्टरकडं जायचा हाय, आपल्या दुकानाचं नाव जायला नको. नीट काढ हां."

"काढते की."

ब्रश ओठात घेतल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. लोकांच्या नवऱ्यांच्या चेहऱ्याला ती जेवढं थांबायची त्याच्या कितीतरी पट ती त्या डोळ्याला थांबली. दोघांनी मिळून तो फोटो चांगला केला, दोन्ही प्रिंटांवर. पापणीवरचा खड्डासुद्धा तिनं जाता जाता भरला. तेवढा एक, आयुष्यात.

पुढचं दवाखान्याच्या बाकड्यावरून लताबाईच्या कानांनी ऐकलेलं. ट्रंक कॉलवर मोठे सर मुंबईहून असे ओरडायचे की तार नसती तरी चाललं असतं.

"फोटो पाहिला मी! ब्युटिफुल! टोटली ड्राय! टाके काढून टाक!"

"हो सर. पण सर, दिव्यातून पाहताना मला शेवटच्या टाक्यापाशी थोडेसे..."

"काय थोडेसे?"

"झिरपल्यासारखे वाटले, सर."

"फोटोत आहे?"

"नाही सर. फोटोत नाही."

"मग कुठे आहे? तुझ्या डोळ्यात? खैरनार, तुला काय वाटलं ते मला सांगू नकोस, फोटोत काय आहे ते सांग! एवढे फोटो कशाला काढतोस मग?"

"हो सर."

"रिफ्लेक्शन असेल!"

"असेल, सर."

"काढ टाके!"

"काढतो, सर."

फोन ठेवल्यावर खैरनार पुन्हा एकदा जयरामला दिव्यासमोर बसवतील, असं लताबाईला वाटलं होतं. त्यांनी आपल्याकडचा फोटो उचलला, खिडकीशी नेला, बघितला, परत ठेवला. स्वतःच्या डोळ्यापेक्षा फोटो त्यांना जास्त पटला. टाके निघाले. जयराम पेढे घेऊन चाळीत आला. सगळ्यांना स्वतःच्या हातानं दिले, झुंबरबाईंना दोन. "घ्या, तोंड गोड करा, तेवढाच चाळीला आराम!"

पेढ्यांचा कागद अजून गटारीत होता तोवर डोळा लाल झाला. मग ठणका. जयराम ओरडणाऱ्यातला नव्हता. तो पत्र्यावर हळूहळू डोकं आपटायचा. आमच्या बाजूच्या फळीवरची भांडी वाजायची, तेवढ्यावरून कळायचं. झुंबरबाईंनी सुद्धा नळावरची भांडणं बंद केली. न मिटलेल्या फटीतून घाण आत गेली होती. मोठे सर आले, दिवा मारला, म्हणाले, "अनफॉर्च्युनेट." मग बाकीच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "असं होतं कधी कधी. फोटो तर क्लीन होता." आणि डोळा काढला. गाडीची वेळ त्या दिवशीही होतीच.

खैरनार बाकड्यापाशी आले. हातात तो फोटो. लताबाईशेजारी बसले, डॉक्टर असून. शुद्धलेखन पार विस्कटलं होतं.

"मी दखं व्हतं, बाई," ते म्हणाले. "मना डोयाघाई दखं व्हतं." मग घसा साफ करून, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. असे मला वाटत होते. पण हे बघा. झिरपत असते तर इथे, या टाक्याच्या खाली, ओघळ दिसायला हवा होता. पांढरा. पाण्याचा ओघळ. आहे का कुठे? तुम्हीच बघा."

लताबाईनं बघितलं.

"नाही ना?" खैरनार म्हणाले. "म्हणजे माझाच डोळा चुकला."

ती बोलली नाही. मुकी म्हणायच्या झुंबरबाई, ती त्या दिवशी खरी झाली. खैरनारांनी फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि उठून गेले. पुढं त्यांनी दिव्याचा कॅमेरा सोडवून ठेवला म्हणतात. काही म्हणतात उलट, त्यानंतर ते फोटो काढल्याशिवाय सर्दीचं औषधही देईनात. काहीही असो, थोड्या दिवसांनी ते सटाण्याला परत गेले.

जयराम घरी आला. दोन्ही डोळे आता बिनकामाचे. पहिला आठवडा त्यानं काहीच विचारलं नाही. चाळीतले लोक यायचे. "जयभीम, जयरामभाऊ," म्हणायचे आणि जरा टेकून उठून जायचे. मग एका दुपारी पत्र्यापलीकडून त्याचा आवाज आला, साधा, काम विचारतात तसा.

"लता, माझा फोटो कुठं हाय?"

"कोनता?"

"डोळ्याचा. डॉक्टरनं दिला ना तुला. चपराशी म्हनत व्हता."

"असंल कुठं तरी."

"आन."

ट्रंक उघडल्याचा आवाज. मग बोट कागदावरून फिरतं तसा अगदी बारीक आवाज, ऐकायला पत्र्याला कान लावावा लागेल एवढा.

"शेठनं गुळगुळीत कागद वापरलाय," जयराम म्हणाला. "महागाचा." बोट फिरत राहिलं. मग थांबलं.

"इथं ना?"

ती रडली नाही. रडली असती तर ऐकू आलं असतं. ती म्हणाली, "मी समजले पान्याचा हाय."

"पान्याचाच व्हता," जयराम म्हणाला.

"तुम्ही म्हनला काढ."

"मी म्हनलो काढ."

"डॉक्टरला सांगू का? त्यो बिचारा सोताला..."

"सांग. डोळा यील का?" मग थोड्या वेळानं, "पाकिटं बंद व्हतील तेवढी."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. जयराम पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज पहिल्यासारखा, शिकवण्याचा होता.

"डिंक जरा जास्त झाला तुझ्याच्यानं. बोटाला लागतोय. पन रंग बरोबर जुळवला आसशील."

बोट पुन्हा एकदा फिरलं.

"बेस्ट झालंय काम. डोळे असते तर मला पन कळलं नसतं."

तो फोटो त्यानं फ्रेम करून घेतला. लताबाई नको म्हणाली, एकदाच, मोठ्यानं. चाळीनं तिचा तेवढा मोठा आवाज ऐकला तो तेव्हाच. पण जयरामनं ऐकलं नाही. "जल्मभर लोकांचे चढवले भितीवर. माझा एकच काढला कुनी तरी." दारातून शिरलं की समोरच तो डोळा. नवीन माणूस विचारायचं, हे काय, चंद्र का? जयराम ओट्यावरूनच सांगायचा, "माझा डोळा हाय. चांगला आलाय ना फोटो?" माणूस म्हणायचं, झकास. लताबाई चुलीकडे वळायची.

पाकिटं चालू राहिली, पण काम बिघडलं. म्हणजे शेठच्या भाषेत. नवऱ्यांच्या गालावरचे वण तसेच यायला लागले. एका पाटलाच्या सुनेच्या कपाळावर केसाची पांढरी रेघ तशीच गेली आणि पाटील दुकानात येऊन खूप ओरडला. शेठ पाकीट घेऊन चाळीत आले. या वेळी चपला काढून आत शिरले, म्हणजे रागच तेवढा होता.

"लताबाई! हे काय? पांढरं दिसत नाही का? भरायचं असतं, काय समजलं?"

"दिसतंय," लताबाई म्हणाली. "म्हनूनच ठिवलं."

"ठेवलं?"

"हाय ते हाय. मी नाय भरनार."

शेठ छताकडे बघत आणखी काही म्हणणार होते, तेवढ्यात भिंतीवरचा फोटो त्यांच्या नजरेला पडला. धंद्याची नजर. राग बाजूला राहिला. ते जवळ गेले, मान तिरकी करून काचेवरची चमक चुकवली आणि बघत राहिले.

"हे आपल्याच दुकानचं," ते म्हणाले. "दवाखान्याचा तो. अरे वा. बघा, याला म्हणतात काम. कुठं डाग नाही, ओघळ नाही. हे कुणी केलं? हे जिनं केलं तिला पाटलाच्या सुनेचा एक केस भरता येत नाही? हातात कला असून माजानं घालवायची ती अशी. काय समजलं?"

लताबाई चुलीपुढून उठली नाही.

ओट्यावर बसलेल्या जयरामनं मान आवाजाच्या दिशेला वळवली. शेठ नेहमीप्रमाणे उत्तराला न थांबता चपला शोधत होते.

"समजलं, शेठ," तो म्हणाला.

शेठचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर. तोंडातलं पान गालातच राहिलं. त्यांना पुढं काय बोलायचं असतं ते कुणी कधी शिकवलंच नव्हतं. ते तसेच गेले, आणि पाकीट परत कधी आलं नाही.